डुकराचं पिल्लू धरलेला हात: अक्रोकोरिंथच्या खापऱ्यांची नोंदणी

समोर एका मृण्मूर्तीचा तुकडा आहे असं धरा. फिकट पिवळसर मातीचा, जेमतेम अंगठ्याएवढा. एक हात आणि त्या हाताने छातीशी आडवं धरलेलं डुकराचं पिल्लू, एवढंच शिल्लक आहे. डोकं नाही, पाय नाहीत, पाठ फुटलेली. नोंदवहीत काय लिहाल? ‘देवी’? ‘देवीला पिल्लू वाहायला आलेली बाई’? की नुसतं ‘स्त्रीमूर्ती, हातात प्राणी’?

पुरातत्त्वाचा विद्यार्थी असताना मी काही हंगाम उत्खननाच्या पॉटरी यार्डात काढले. खापऱ्या धुवायच्या, सुकवायच्या, वेगळ्या करायच्या, पिशवीला लेबल लावायचं. हे काम म्हणजे खऱ्या संशोधनाआधीची हमाली, अशी तेव्हा माझी समजूत होती. ग्रीसमधल्या अक्रोकोरिंथच्या उत्खननाचे खंड हाती आले आणि ती समजूत पार मोडली. तिथे कोणत्या तुकड्याला क्रमांक मिळाला, कोणता पिशवीत राहिला आणि कोणाला काय नाव पडलं, यावरच पुढच्या पन्नास वर्षांत कोणते प्रश्न विचारता आले ते ठरलं. हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे ते त्यासाठी.

कोरिंथच्या दक्षिणेला अक्रोकोरिंथचा डोंगर उभा आहे. त्याच्या उत्तर उतारावर धान्याची देवी डिमीटर आणि तिची मुलगी कोरी (हीच पर्सेफनी) यांचं पवित्र स्थान होतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसानिअस हा प्रवासी ही वाट चढून गेला. इथल्या मूर्ती उघड्यावर दाखवत नाहीत, एवढं लिहून तो पुढे निघून गेला. कोरिंथमध्ये अथेन्सची अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही संस्था १८९६ पासून खोदते आहे. या उतारावरचं काम तिने १९६१ मध्ये रोनाल्ड स्ट्राउड यांच्याकडे दिलं. पुढे ते नॅन्सी बुकीडिस यांनी सांभाळलं आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टप्प्याटप्प्याने चाललं.

उतारावर तीन टप्पे निघाले. खालच्या टप्प्यावर ओळीने जेवणाच्या खोल्या, भिंतीकडेने आडवं रेलून जेवण्यासाठी बांधलेले ओटे. मधल्या टप्प्यावर पूजाविधीची जागा. वरच्या टप्प्यावर खडकात कोरलेल्या बसण्याच्या पायऱ्या. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मिअसने कोरिंथ उद्ध्वस्त केलं, इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलिअस सीझरने तिथे रोमन वसाहत वसवली आणि त्यानंतर हे स्थान पुन्हा जागं झालं.

या सगळ्या माती-दगडांतून भाजक्या मातीच्या छोट्या मूर्तींचे वीस हजारांहून जास्त तुकडे निघाले. भांड्यांच्या खापऱ्या वेगळ्या, दिवे वेगळे, आणि बोटभर उंचीची खेळण्यातल्यासारखी भांडी तर मोजदादीपलीकडची. ग्रीक मृद्भांड्यांचा खंड एलिझाबेथ पेंबर्टन यांनी १९८९ मध्ये काढला. रोमन भांडी आणि दिवे १९९० मध्ये आले, वास्तू १९९७ मध्ये. ग्लोरिया मर्कर यांचा मृण्मूर्तींचा खंड २००० मध्ये आला, त्यातही आर्ष (म्हणजे अभिजात काळाच्या आधीच्या) काळातल्या मूर्ती बाजूला ठेवून फक्त अभिजात, हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या) आणि रोमन काळातल्या. मातीचे मोठे पुतळे २०१०, शिलालेख २०१३, ग्रीक दिवे आणि अर्पणाच्या थाळ्या २०१५. खोदायला दीड दशक लागलं, आणि पहिली कुदळ पडल्यापासून थाळ्या छापून यायला ५४ वर्षं. दिरंगाई म्हणून याकडे बोट दाखवणं सोपं आहे. पण वीस हजार तुकडे हातात घेऊन, उलटेपालटे करून, एकेकाचं माप घेऊन बघायला माणसाचं आयुष्य लागतं, आणि ते इथे लोकांनी दिलं आहे.

कोरिंथच्या पद्धतीत तुकडा नोंदवहीत गेला की त्याला आधी अक्षर मिळतं, मग क्रमांक. भांड्याला ‘सी’, दिव्याला ‘एल’, छोट्या मूर्तींना ‘एमएफ’, म्हणजे ‘किरकोळ सापडलेल्या वस्तू’. भांड्यांच्या क्रमांकात उत्खननाचं वर्षही येतं. ज्यांना स्वतंत्र क्रमांक मिळत नाही अशा खापऱ्या ज्या थरातून आल्या त्या थराच्या नावाने एकत्र ठेवतात. त्या गठ्ठ्याला ‘लॉट’ म्हणतात आणि क्रमांक त्या लॉटला असतो. आपल्याकडच्या उत्खननात ‘अँटिक्विटी’ आणि ‘पॉटरी’ अशी जी फाळणी होते तिचीच ही ग्रीसमधली बहीण. मणी, नाणं, मूर्ती रजिस्टरमध्ये जातात, खापऱ्या पोत्यात जातात.

ही फाळणी निरुपद्रवी वाटते. तसं नाही. अक्रोकोरिंथला आलेल्या एका बाईने एकाच दिवशी एक छोटी मूर्ती आणि एक ‘कॅलाथिस्कोस’ वाहिला असेल. कॅलाथिस्कोस म्हणजे लोकर ठेवायच्या टोपलीच्या आकाराचं इवलंसं भांडं, इथली फार लाडकी वस्तू. तिच्या लेखी ते एकच वाण. पण नोंदवहीत एक वस्तू भांड्यांत गेली, दुसरी मूर्तींत. त्यांचे अभ्यासक वेगळे, खंड वेगळे, आणि दोन खंडांत अकरा वर्षांचं अंतर. त्या दोघींना पुन्हा शेजारी बसवायचं तर हाताशी एकच धागा उरतो: कोणत्या खड्ड्यातल्या, कोणत्या थरातल्या, कोणत्या लॉटमधल्या. लेबल पुसलं की तो धागा तुटला. यार्डात संध्याकाळी दमल्यावर ‘उद्या लिहू’ म्हणून बाजूला सारलेली पिशवी मला म्हणूनच आजही आठवते.

आता मूर्तींकडे येऊ, कारण या प्रकरणातलं सगळ्यात सुंदर काम तिथे आहे.

यातल्या बहुतेक मूर्ती साच्यातल्या. शहराच्या पश्चिम कडेला कुंभारवाडा होता. तो अॅग्नेस न्यूहॉल स्टिलवेल यांनी १९२९ ते १९३५ या काळात खोदला आणि तिथून प्रत्यक्ष साचेही निघाले. हे साचे भाजक्या मातीचेच होते, आणि नोंदणी करणाऱ्याच्या हातात यामुळे एक विलक्षण साधन येतं. माती सुकताना आणि भाजताना आकसते. सोयीसाठी आकस दहा टक्के धरू. मूळ नमुन्यातला चेहरा, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, ४० मिलिमीटर. त्यावरून मातीचा साचा घेतला, तो भाजून ३६ चा झाला. त्यातून काढलेली मूर्ती भाजून ३२.४ ची झाली. मूळ नमुना हरवला किंवा साचा झिजला, की कारागीर दुकानातलीच एखादी मूर्ती घेऊन तिच्यावरून नवा साचा बनवतो. तो २९ च्या आसपास, आणि त्यातली मूर्ती २६ च्या. दर पिढीला मूर्ती लहान होते, चेहऱ्याची ठेवण पुसट होत जाते, पदराच्या चुण्या सपाट होतात.

म्हणजे एकाच मुद्रेचे दोन चेहरे सापडले आणि एक दुसऱ्यापेक्षा पाचव्या हिश्शाने लहान निघाला, तर तो पुढच्या पिढीतला असण्याची शक्यता मोठी. इथे अख्ख्या मूर्तीची उंची कामाला येत नाही, कारण अख्खी मूर्ती क्वचितच हाती लागते. म्हणून साच्यातून जशीच्या तशी उतरणारी दोन ठिकाणं निवडायची आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं. हनुवटी ते केसांची रेषा. दोन डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांमधलं अंतर. खांद्यापासून कमरपट्ट्यापर्यंत. ज्या नोंदीत फक्त ‘उंची ५.२ सेंमी’ लिहिलेलं असतं, तिथे ती उंची फुटीची असते, मूर्तीची नव्हे. असा आकडा वाचून मला आता हळहळ वाटते, कारण तुकडा हातात असताना अजून एक माप घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

पाठही बघायची. पुष्कळ मूर्तींचा पुढचा भाग साच्यातला आणि पाठ हाताने लिंपलेली असते. पोकळ मूर्ती भट्टीत फुटू नये म्हणून पाठीला भोक ठेवतात. ते गोल की चौकोनी, पाठ बोटाने सारवली आहे की हत्याराने खरवडली आहे, यावरून कारखाना ओळखता येतो. दर्शनी भागाची नक्कल कोणीही साचा घेऊन करू शकतो. पाठ मात्र ज्याच्या त्याच्या हाताच्या सवयीची असते. जुन्या प्रकाशनांत मूर्तींचे फोटो समोरूनच काढलेले दिसतात. तिथे खरी सही झाकली गेली.

सुटे अवयव ही आणखी एक कसोटी. कोरिंथमध्ये हातपाय हलणाऱ्या मातीच्या बाहुल्या बनत. अवयव वेगळे साच्यात काढून दोऱ्याने किंवा तारेने जोडायचे. म्हणून एखाद्या सुट्या हाताच्या खांद्याकडच्या टोकाला आरपार भोक असेल तर तो बाहुलीचा हात. भोक नसेल आणि टोक ओबडधोबड फुटलेलं असेल तर मूर्तीचा. हात तोच, जाडी तीच, पण नोंद वेगळी पडते आणि तिच्यामागचं माणूसही बदलतं. मर्कर यांच्या खंडात मुलं, बाहुल्या आणि वयात येणाऱ्या मुलींशी निगडित मूर्ती महत्त्वाच्या ठरतात. त्या निष्कर्षाचा पाया अशाच बारीक भोकांवर आहे.

मोठ्या पुतळ्यांचे तुकडे याच ढिगात मिसळलेले. बुकीडिस यांनी २०१० च्या खंडात मांडलेले पुतळे अर्ध्या मापापासून जवळजवळ माणसाएवढे, हाताने थर चढवून घडवलेले, आणि त्यांत भरणा आहे तो तरुण मुलग्यांचा. दोन देवींच्या स्थानात हे मुलगे का उभे, हा प्रश्न आज विचारता येतो. कारण कोणीतरी मातीचा एक जाड, वक्र तुकडा ‘कौल असेल’ म्हणून टाकून दिला नाही. भिंतीची जाडी, आतल्या बाजूला बोटांचे ठसे, मातीत मिसळलेली भरड हे सगळं बघून तो वेगळा काढला.

मोजणीबद्दल एक सावधगिरी. वीस हजार तुकडे म्हणजे वीस हजार मूर्ती नव्हेत. एका मूर्तीचं डोकं, धड आणि पाय वेगवेगळ्या ठिकाणी पडून तीन नोंदी झालेल्या असू शकतात. शिवाय एकाच धडावर निरनिराळी डोकी बसवण्याची कारागिरांची रीत होती. म्हणून डोकी वेगळी मोजायची, बैठकी वेगळ्या मोजायच्या आणि जो आकडा मोठा तो ‘किमान’ धरायचा. ‘एकूण’ हा शब्द नोंदवहीत जपून वापरावा.

रंगाची बाजूही हळवी आहे. भाजल्यावर मूर्तीवर पांढरा हात देऊन त्यावर रंग भरत. हे रंग भट्टीतून गेलेले नसल्यामुळे जोरात घासलं की गेले. त्या काळी ग्रीसमधल्या उत्खननांत खापऱ्यांवरचा चुन्याचा थर काढायला सौम्य आम्ल वापरायची पद्धत होती. काळ्या चकाकीच्या भांड्यांचं त्याने फारसं बिघडत नसे, मूर्तींच्या रंगाला मात्र ते मारक. म्हणून धुण्याआधी बघायचं आणि दिसेल तो रंगाचा ठिपका आधी लिहायचा. मातीचा रंगही ‘पिवळसर’ असा मोघम लिहून भागत नाही. मन्सेलच्या रंगपट्टीशी ताज्या फुटीवर, दिवसाच्या उजेडात जुळवायचा. कोरिंथची माती फिकट, कधी हिरवट झाक असलेली. अथेन्सकडची तांबूस नारिंगी. बाहेरून आलेला तुकडा बहुतेक वेळा मातीच चुगली करून उघडा पाडते.

आता या प्रकरणातलं अवघड दुखणं. यातले कितीतरी तुकडे भरावात सापडले. उतारावर नवं बांधकाम करायचं तर वाहिलेल्या जुन्या वस्तूंची रास उपसून सपाटीला टाकायची, असं शतकानुशतकं चाललं. देवाला वाहिलेली वस्तू आवाराबाहेर नेत नाहीत, पण आवारात तिला कुठेही पुरता येतं. त्यामुळे एकाच टोपलीत इ.स.पू. सहाव्या शतकातली मूर्ती आणि तिसऱ्या शतकातली खापरी हातात हात घालून येतात. थर ‘बंद’ असेल, म्हणजे एकदा साचल्यावर पुन्हा ढवळला गेला नसेल, तेव्हाच भांडी मूर्तींना तारीख देऊ शकतात. नसेल तेव्हा मर्कर यांना घाट, शैली, साच्याच्या पिढ्या आणि दुसऱ्या स्थळांवरची साम्यं यांवर भिस्त ठेवावी लागते.

आणि जिथे भांड्यांनी तारीख दिली तिथेही ती कायमची नसते. कोरिंथच्या हेलेनिस्टिक भांड्यांचा कालक्रम १९७५ च्या खंडात बसवला गेला, आणि त्यात इ.स.पू. १४६ हे वर्ष भिंतीसारखं उभं होतं. शहर पडलं, कुंभार संपले, म्हणजे ग्रीक घाटाचं भांडं १४६ च्या अलीकडचं असूच शकत नाही, असा हिशेब. पुढे सेरा जेम्स यांनी याच भांड्यांची फेरतपासणी करून १४६ ते ४४ या मधल्या काळातही कोरिंथमध्ये माणसं राहत होती आणि भांडी घडत होती असं दाखवलं. त्यांचा खंड २०१८ मध्ये आला. हे शक्य झालं कारण आधीच्यांनी भांड्यांचे छेद रेखाटून ठेवले होते. काठाचा कोन, बैठकीचा व्यास, भिंतीचा बाक. स्कायफोस या प्याल्याची बैठक काळाबरोबर अरुंद होत जाते, हे शब्दांत लिहिलेल्या तारखेत दिसत नाही, रेषेत दिसतं. तारीख चुकली तरी चित्र खरं राहतं. नोंदीत तारखेपुढे ‘कशावरून’ हा रकाना हवाच, आणि तो नसलेली नोंद मी अपुरी मानतो.

२०१५ मध्ये छापल्या गेलेल्या थाळ्यांपाशी थोडं थांबतो. भरड मातीच्या, हाताने थापलेल्या, तळहातावर मावतील अशा. आत मातीचेच छोटे गोळे, चकत्या, मध्ये टोचा काढलेल्या वड्यांसारखे आकार. पहिल्या दिवशी यार्डात हा तुकडा कोणाच्याही हातून ‘ओबडधोबड थाळी, किरकोळ’ म्हणून गेला असता. अॅलेअर ब्रमफील्ड यांनी १९९७ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहिला. त्यांना यात ‘लिक्नॉन’ दिसलं, म्हणजे धान्य पाखडायचं सूप, आणि आतल्या गोळ्यांत देवीला वाहिलेले निरनिराळे पदार्थ. डिमीटर धान्याची देवी, तेव्हा वाचन पटणारं आहे. तरीही २०१५ च्या खंडाच्या नावात शब्द आला तो ‘अर्पणाच्या थाळ्या’.

मला हा फरक फार मोलाचा वाटतो. कोकणात गौरीच्या ओवशाला सुपं भरलेली ज्याने पाहिली आहेत, त्याला मातीच्या या थाळीत सूप क्षणात दिसेल. मलाही दिसलं, आणि त्याच क्षणी लेखणी आवरायला हवी हेही कळलं. साम्य डोळ्यांना दिसतं, नोंदीत मात्र आधी आकार लिहायचा: लंबगोल की गोल, एक बाजू उघडी आहे का, काठ किती उंच, आत काय आणि किती. ‘सूप’ हे वाचन आहे. ते वेगळ्या रकान्यात, वाचणाऱ्याच्या नावासह. म्हणजे उद्या कोणाला ते पटलं नाही तर थाळी शिल्लक राहते.

हेच पिल्लू धरलेल्या हाताला लागू आहे. डिमीटरच्या थेस्मोफोरिआ या बायकांच्या सणात डुकराची पिल्लं वाहत, हे ग्रीक लेखनातून माहीत आहे. म्हणून पिल्लू घेतलेली बाई म्हणजे सणाला आलेली भक्तीण असं म्हणावंसं वाटतं. पण देवीच्या मूर्तीच्या हातातही तिला प्रिय असलेली वस्तू देतात. डोक्यावर उंच मुकुट असता तर पारडं देवीकडे झुकलं असतं. इथे डोकंच नाही.

कोरिंथच्या उत्खननाच्या जुन्या वह्या आणि वस्तूंच्या नोंदी आता संस्थेच्या डिजिटल संग्रहात घरबसल्या, फुकट बघता येतात. क्रमांक टाकला की वस्तू, वस्तूवरून लॉट, लॉटवरून त्या दिवशी वहीत लिहिलेलं पान. खापऱ्यांचं काम करणाऱ्या किंवा करू बघणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एखादी दुपार त्यात घालवावी असं मला मनापासून वाटतं. पान उघडल्यावर मूर्तीचा फोटो आधी पाहू नका. आधी वर्णन वाचा, त्यावरून कागदावर मूर्ती काढून बघा, आणि मग फोटोशी ताडा. कुठे चित्र अडलं ते लिहून ठेवा.

मी पिल्लू धरलेल्या हाताची नोंद अशी केली असती: ‘स्त्रीमूर्तीचा तुकडा, धडाचा मधला भाग. पुढचा भाग साच्यातला, पाठ गेलेली. एका हाताने छातीशी आडवं धरलेलं चतुष्पाद, नाक चपटं, बहुधा डुकराचं पिल्लू. मनगट ते पिल्लाच्या कानाचं टोक: मिलिमीटरमध्ये. माती फिकट, मन्सेल क्रमांक. चुणीत पांढऱ्या लेपाचा अंश, रंग दिसत नाही. लॉट क्रमांक. देवी की भक्तीण: डोकं मिळेपर्यंत मोकळं.’